साखरपुड्याच्या अंगठीचा फोटो काढायला गेलो आणि हॉलमार्कात अडकलो

नौपाड्याचा_बोका | १४ जून, रात्री १०:४२

मंडळी, डोक्याला ताप झालाय. पुतण्याचा साखरपुडा २१ तारखेला आहे. आषाढीच्या आत उरकायचा म्हणून सगळंच घाईघाईत ठरलं. घरात कॅमेरा बाळगणारा मी एकटाच, त्यामुळे "काका, अंगठ्यांचे फोटो तुम्हीच काढा, आमंत्रणात टाकायचेत" असं फर्मान निघालं आणि दोन्ही डब्या माझ्या हवाली झाल्या. दोन्ही अंगठ्या त्या दोघांनी मिळून ठाण्यातल्याच एका पेढीतून घेतल्यात. तिची १८ कॅरेट पांढऱ्या सोन्याची, मध्ये एक हिरा आणि बाजूला चिमुकले सहा. त्याची प्लॅटिनमची, साधं कडं.

आज सकाळी उपवनला गेलो होतो. कमळाच्या पानावर अंगठी, पानावर पावसाचे थेंब, मागे येऊरचा डोंगर, असं काहीतरी डोक्यात होतं. वारा असा आला की पान उलटं झालं. अंगठी काठावरच्या दगडावर टणकन आपटून थांबली, म्हणून आज हा धागा लिहितोय, नाहीतर तळ्यात गाळ उपसत असतो. वहिनीला सांगितलेलं नाही. ती इथे वाचत नाही अशी आशा.

मग घरीच खिडकीत काढले. प्रचि (प्रकाशचित्र) १ आणि २ खाली दिलेत. प्रचि ३ अंगठीच्या आतल्या बाजूचा आहे, म्हटलं छापही बघू कसा दिसतो. त्रिकोणी खूण आहे, १८के७५० आहे आणि पुढे सहा अक्षरं. ती बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो, हॉलमार्क देणारी सरकारी संस्था) केअर ॲपमध्ये टाकली तर काहीच सापडत नाही! दोनदा टाकून बघितलं. प्लॅटिनमच्या अंगठीवर तर त्रिकोणच नाही. बिलही जोडतोय.

दोन प्रश्न. एक, फोटो असे मेल्यासारखे का येतायत? दोन, पोराला कुणी टोपी घातली आहे का?

सीवूड्सकर | १४ जून, रात्री १०:५५

आधी ते बिल काढा हो! पुतण्याचा मोबाइल नंबर आणि पत्ता दिसतोय त्यावर.

संपादक | १४ जून, रात्री ११:०३

बिलाचं चित्र काढून टाकलं आहे. प्रचि ३ मधली शेवटची तीन अक्षरं पुसून पुन्हा चढवलं आहे. धागाकर्त्यांनी हवं तर वजन आणि शुद्धतेचे आकडे लिहून द्यावेत.

घोडबंदर_रिटर्न्स | १४ जून, रात्री ११:१०

बोकोबा, प्रचि १ मोठा करून बघा. अंगठीच्या कड्यात तुमच्या खिडकीचं ग्रिल दिसतंय आणि ग्रिलवर बनियन वाळतोय. दिवा घ्या (म्हणजे हलकं घ्या).

नौपाड्याचा_बोका | १४ जून, रात्री ११:१४

अरे देवा. हा फोटो मुलीकडच्यांना गेलाय.

मॅक्रोवेडी | १४ जून, रात्री ११:४८

फोटोपुरतं मी बोलते, सोन्यातलं कळत नाही.

बनियन दिसला यात तुमची चूक नाही, चकचकीत धातूचा तो स्वभावच आहे. पॉलिश केलेली अंगठी म्हणजे गोल आरसा. तिचा फोटो काढताना तुम्ही अंगठीचा नाही, अंगठीला जे दिसतंय त्याचा फोटो काढत असता. म्हणून तिला काय दाखवायचं ते आधी ठरवा. सध्या पावसाचं ढगाळ ऊन आहे, ते फुकटचं आणि उत्तम. खिडकीवर ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर लावा, म्हणजे ग्रिल आणि बनियन दोन्ही गायब. समोरच्या बाजूने पांढरं थर्माकोल उभं करा. एवढं केलंत की अंगठी पांढरीफटक होईल आणि कडा पार्श्वभूमीत विरघळतील. इथे बरेच जण अडकतात. मग काळ्या कार्डशीटच्या बोटभर पट्ट्या कापा आणि चौकटीच्या जरा बाहेर, दोन्ही बाजूंना उभ्या करा. कड्यावर काळी रेघ उमटते आणि गोलाई दिसायला लागते. पांढऱ्या सोन्याला आणि प्लॅटिनमला तर ही रेघ हवीच.

हिरा मेल्यासारखा दिसतोय त्याचं कारण नेमकं उलटं आहे. मऊ उजेडात धातू छान दिसतो, पण हिरा काचेसारखा निर्जीव. त्याला चमकायला बारीक, टोकदार उजेड लागतो. एक छोटी टॉर्च वरून तिरकी धरा आणि किंचित हलवत दहा-बारा फोटो घ्या. एखाद्यात हिरा बरोबर पेटतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र नको.

फुटेज काय वापरलंत?

नौपाड्याचा_बोका | १५ जून, सकाळी ७:२०

जुना क्रॉप सेन्सर कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो, एफ २.८. म्हटलं मागचं सगळं छान धूसर होईल.

मॅक्रोवेडी | १५ जून, सकाळी ८:०५

(वर 'फुटेज' नाही, 'सेटिंग' म्हणायचं होतं. झोपेत टंकलं.)

एफ २.८ वर इतक्या जवळून हिऱ्याचा एक पैलू तेवढा रेखीव येईल, बाकी सगळं लोणी. एकास एक प्रमाणात (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराची उतरते तेव्हा) एफ ८ ला सुद्धा रेखीव भागाची खोली एक मिलिमीटर भरत नाही. मग एफ २२ करावं असं वाटेल, तेही नको. इतक्या जवळ गेल्यावर लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात दुप्पट आकड्यासारखं वागतं, एफ ११ म्हणजे एफ २२ च, आणि विवर्तनाने (बारीक छिद्रातून उजेड पसरतो त्याने) सगळंच बोथट होतं. एफ ८ वर ठेवा, तिपाई घ्या, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि फोकस पुढून मागे थोडा थोडा सरकवत पंधरा-वीस फोटो काढून ते संगणकावर एकत्र जोडा. पंखा बंद करा.

मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी: फार जवळ जाऊ नका. मॅक्रो मोडमध्ये बहुतेक फोन वाइड लेन्सवर उडी मारतात, ती अंगठीला वेडीवाकडी फुगवते आणि फोनचीच सावली पडते. दोन-तीनपट झूम करून हातभर लांबून काढा.

अंगठी उभी राहत नसेल तर खाली मेणाचा तांदळाएवढा गोळा लावा.

आजीची_वेढणी | १५ जून, सकाळी ९:३१

प्रचि २ मध्ये अंगठी कुंकवावर ठेवलीत का? कल्पना गोड आहे, पण कुंकू खड्याच्या कोंदणात जाऊन बसतं, बाहेर निघता निघत नाही. माझ्या मुलीच्या वेळी हेच झालं होतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन खालच्या बाजूने घासा. वाडग्यात हं. बेसिनमध्ये नाही.

सीवूड्सकर | १५ जून, सकाळी ९:४०

अक्षतांवर ठेवा. किंवा विड्याच्या पानावर. हिरव्या खणावर ठेवू नका, पांढरं सोनं हिरवट दिसतं, आमच्या फोटोग्राफरने तेच करून ठेवलं होतं.

कसोटी | १५ जून, सकाळी ११:१५

छापाबद्दल लिहितो. नवी मुंबईत एका हॉलमार्किंग केंद्रात सहा वर्षं काम केलंय, आता सोडलं.

बोकोबा, घाबरू नका. "ॲपमध्ये सापडत नाही" असं म्हणणाऱ्या दहा जणांतल्या बहुतेकांनी अक्षर चुकीचं वाचलेलं असतं. लेझरने कोरलेला छाप फार उथळ असतो. तुम्ही समोरून उजेड टाकलाय, त्यामुळे धातूही चमकतोय आणि अक्षरंही. बी आणि ८, एस आणि ५, डी आणि शून्य, यांत गल्लत होणारच. उजेड एका बाजूने, जवळजवळ आडवा टाका. कोरलेल्या कडा उजळतात आणि बाकी भाग काळा पडतो. एवढ्याने नाही जमलं तर सराफाकडे मिळतं ते दहापटीचं भिंग मोबाइलच्या लेन्सला टेकवून बघा. प्रचि ३ मध्ये दुसरं अक्षर मला बी नाही, ८ वाटतंय.

आता त्या छापाचा अर्थ. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग बीआयएसने २००० साली सुरू केलं, चांदीचं २००५ मध्ये. तेव्हा ते ऐच्छिक होतं. जून २०२१ पासून पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत सोन्याला सक्तीचं झालं आणि त्याच वर्षी १ जुलैपासून सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, आला. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. म्हणजे आजच्या दागिन्यावर तीनच गोष्टी हव्यात: बीआयएसची त्रिकोणी खूण, शुद्धता आणि ती सहा अक्षरं. एचयूआयडी प्रत्येक नगाला वेगळा असतो.

शुद्धतेचा आकडा हजारात वाचायचा. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, आपलं २२ कॅरेट. ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४. हिऱ्याची अंगठी १८ मध्येच का, असं बरेच विचारतात. २२ कॅरेट मऊ असतं, खडा धरून ठेवणाऱ्या चिमट्या वाकतात. पांढरं सोनं तर २२ कॅरेटमध्ये होतच नाही म्हणा ना, पिवळेपणा मारायला दुसरा धातू तेवढा पडायलाच हवा. त्यावर वरून ऱ्होडियम या पांढऱ्या चकचकीत धातूचा मुलामा असतो, तो काही वर्षांनी झिजला की अंगठी पिवळसर दिसायला लागते. तेव्हा "फसवलं" म्हणून पुन्हा धागा काढू नका, मुलामा परत चढवून मिळतो.

प्लॅटिनमचं सोपं आहे. बीआयएसचं हॉलमार्किंग सोन्याला आणि चांदीला आहे, प्लॅटिनमला नाही. त्यामुळे त्रिकोण नसणारच. आत पीटी ९५० लिहिलेलं असेल आणि सोबत कार्ड दिलं असेल, ते जपून ठेवा. दोन्ही अंगठ्या दिसायला सारख्या असल्या तरी तळहातावर घेऊन बघा. प्लॅटिनम लगेच जड लागतं.

बिलावरचे आकडे द्या.

झणझणीत | १५ जून, दुपारी १२:०२

हे सगळं ठीक आहे, पण आमचा सराफ तीन पिढ्यांचा आहे. आजोबांनी कधी छाप बघितला नाही. विश्वास नावाची काही गोष्ट असते की नाही? हे त्रिकोण-बिकोण म्हणजे ४५ रुपये उकळायचा धंदा.

घोडबंदर_रिटर्न्स | १५ जून, दुपारी १२:०९

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कसोटी | १५ जून, दुपारी १:४०

झणझणीत, ४५ रुपये बरोबर. सोन्याच्या एका नगाला ४५, वर १८ टक्के जीएसटी धरून ५३ रुपये १० पैसे. नग अर्ध्या तोळ्याचा असो की दहा तोळ्यांचा, तेवढेच. बिलावर त्याहून जास्त लावले असतील तर जरूर भांडा. तीन पिढ्यांच्या विश्वासाशी माझं भांडण नाही. पण त्या विश्वासात टंच (शेकड्यात किती भाग सोनं) किती होता ते आजोबांना कोण सांगणार होतं? सराफाने स्वतःच कसोटीच्या दगडावर घासून बघायचं आणि स्वतःच सांगायचं. मोड द्यायला दुसऱ्या पेढीत गेलात की तो म्हणायचा "हे तर ८७ आहे". तुम्ही परत पहिल्याकडे, पहिला म्हणणार "तो खोटं बोलतोय". आमच्या केंद्रात आलेली जुनी मंगळसूत्रं बघून मी हे लिहितोय. वाटी एका टंचाची, डाग दिलेल्या (झाळून जोडलेल्या) कड्या भलत्याच टंचाच्या.

केंद्रात काय होतं ते सांगतो, म्हणजे त्रिकोण सराफ स्वतः ठोकत नाही हे कळेल. माल लॉटने येतो. प्रत्येक नग आधी क्ष-किरणांच्या यंत्राखाली जातो. यंत्र पृष्ठभागावरूनच शुद्धता सांगतं, नगाला धक्का लागत नाही. पण वरच्या थराखाली काय आहे ते त्याला पुरेसं कळत नाही, म्हणून लॉटमधल्या काही नगांतून कणभर धातू काढून अग्निपरीक्षा करतात. शब्दशः अग्निपरीक्षा! तो कण शिशाच्या पत्र्यात चांदीसोबत गुंडाळून भट्टीत घालतात. शिसं आणि तांब्यासारखे हलक्या प्रतीचे धातू एका सच्छिद्र मुशीत शोषले जातात, मागे सोन्याचांदीचा मणी उरतो. त्यातली चांदी आम्लात विरघळवली की उरतं ते निव्वळ सोनं, त्याचं वजन करायचं. सीता आठवते दरवेळी. लॉट उतरला तरच लेझरचा छाप बसतो, नाहीतर माल परत.

यातही पळवाटा काढणारे असतील, नाही म्हणत नाही. पण आता तुमच्या हातात ॲप आहे, तुमच्या आजोबांच्या हातात काही नव्हतं.

झणझणीत | १५ जून, दुपारी १:५२

बरं. सीता आली म्हणजे मी हरलो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

पामबीच | १५ जून, दुपारी २:३०

अवांतर: हॉलमार्क हा शब्दच मुळात लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून आला. पंधराव्या शतकात सोनारांना माल छाप मारून घ्यायला त्या हॉलमध्ये आणावा लागे, म्हणून तो हॉलचा मार्क. माझ्या नणंदेची अंगठी बर्मिंगहॅमची आहे, तिच्या आत चक्क जहाजाचा नांगर आहे. बर्मिंगहॅमचं केंद्र १७७३ पासून तो नांगर मारतंय. शहराला समुद्र नाही, पण छाप नांगराचा. ती अंगठी इथल्या एका दुकानात दाखवली तर तो मुलगा म्हणाला "ताई, यावर हॉलमार्क नाही, डुप्लिकेट वाटतंय." नांगराशेजारी ७५० स्पष्ट लिहिलेलं होतं हो.

कसोटी | १५ जून, दुपारी २:४१

आमच्याकडे आली असती तर आम्ही तिच्यासोबत सेल्फी काढला असता.

नौपाड्याचा_बोका | १५ जून, रात्री ९:१७

कसोटीसाहेब, दंडवत घ्या! आडवा उजेड टाकला, आता प्रचि ४ बघा (तीन अक्षरं पुसलीत). ते ८ च होतं. ॲपमध्ये लगेच आलं: रिंग, १८ कॅरेट ७५०, केंद्राचं नाव, हॉलमार्क केल्याची तारीख, सगळं. आता नवीन घोळ. ॲपमध्ये सराफ म्हणून दिसतोय तो भलताच कुणीतरी, मुंबईचा. आपण घेतली ठाण्यातून.

आणि बिल: अंगठी ३.८४ ग्रॅम, त्यावर दर, त्यावर घडणावळ. हिरे ०.३० कॅरेट, त्यांची किंमत वेगळी. तीन टक्के जीएसटी. हॉलमार्किंगचे ५३.१०.

कसोटी | १५ जून, रात्री १०:०५

नाव वेगळं असण्यात वावगं नाही. ज्या नोंदणीकृत सराफाने माल केंद्रात नेला त्याचं नाव ॲपमध्ये येतं. झवेरी बाजारातल्या घाऊकवाल्याने छाप करून घेतला आणि तुमच्या पेढीने त्याच्याकडून घेतला, की घाऊकवाल्याचंच दिसतं. जुळायला हवं ते शुद्धता आणि नगाचा प्रकार. अंगठीच्या जागी "चेन" किंवा "इअररिंग" आलं असतं तर मी म्हटलं असतं, आत्ताच्या आत्ता दुकानात जा.

मला बिल खटकतंय. ३.८४ हे निव्वळ सोनं आहे की हिऱ्यांसकट?

नौपाड्याचा_बोका | १५ जून, रात्री १०:३८

स्वयंपाकघरातला काटा ३.८ दाखवतोय, हिऱ्यांसकट. म्हणजे ते धरूनच?

सीवूड्सकर | १५ जून, रात्री १०:५१

स्वयंपाकघरातला काटा! ज्यावर काल चकलीची भाजणी मोजली तो?

कसोटी | १५ जून, रात्री ११:०२

मग हिशेब करा. एक कॅरेट हिरा म्हणजे ०.२ ग्रॅम. (सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा आणि हिऱ्याचा कॅरेट वजनाचा. दोन्हींना एकच शब्द, आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ इथूनच सुरू होतो.) तुमचे ०.३० कॅरेट म्हणजे ०.०६ ग्रॅम. निव्वळ सोनं ३.७८ हवं. हिऱ्याचे पैसे हिरा म्हणून घेतले आणि तेवढ्याच वजनाचे पुन्हा सोनं म्हणूनही. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर निव्वळ धातूचं वजन, कॅरेट आणि शुद्धतेचा आकडा, हॉलमार्किंगचा खर्च, हे वेगवेगळं लिहायलाच हवं. नुसतं "अंगठी ३.८४" चालत नाही.

आजीची_वेढणी | १५ जून, रात्री ११:२०

०.०६ ग्रॅम म्हणजे जुन्या मापात अर्धी गुंज. तोळ्याच्या ९६ गुंजा. माझी आजी अर्ध्या गुंजेसाठी सोनाराच्या पेढीवर दुपारभर ठाण मांडून बसायची, काट्यावर वारा येऊ नये म्हणून पदर धरून.

झणझणीत | १५ जून, रात्री ११:२६

अर्धी गुंज म्हणजे काहीशे रुपये. साखरपुडा आठवड्यावर, पेढीवाल्याशी भांडायचं का तेवढ्यासाठी? (हेमाशेपो मागे घेतो.)

पामबीच | १५ जून, रात्री ११:३३

काहीशे आत्ताचे. ही अंगठी कधी मोडीत दिली आणि पेढीने तेव्हा मात्र काटेकोर निव्वळ वजन धरलं, की बोला. आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे अर्धी गुंज?

नौपाड्याचा_बोका | १७ जून, संध्याकाळी ६:४४

जाऊन आलो. पुतण्या, होणारी सून आणि मी. भांडण वगैरे काही झालं नाही, मला जरा वाईटच वाटलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला की संगणकात एकूण वजन गेलंय. मालकांनी समोर काट्यावर ठेवून मोजली, ३.८४. हिरे वजा करून ३.७८ चं नवीन बिल दिलं, फरक परत केला. घडणावळ टक्क्यांत होती म्हणून तीही थोडी उतरली. हिऱ्यांचं प्रमाणपत्र मागायचं राहिलं होतं, तेही घेतलं. हॉलमार्क धातूचा असतो, हिऱ्याबद्दल तो काही बोलत नाही, हे सुनेनेच मालकांना ऐकवलं. ती हा धागा वाचते असं कळलं. उपवनचा किस्सा तिला माहीत आहे. 🙏

घोडबंदर_रिटर्न्स | १७ जून, संध्याकाळी ६:५०

बनियनचाही.

मॅक्रोवेडी | १७ जून, रात्री ८:१२

मग फोटो?

नौपाड्याचा_बोका | १८ जून, सकाळी १०:२५

प्रचि ५ ते ८. बटर पेपर, थर्माकोल, काळ्या पट्ट्या, सगळं सांगितल्याप्रमाणे. अठरा फोटो जोडलेत. अक्षतांवर ठेवली आहे. दोन तांदूळ हळदीने जास्त पिवळे होते ते निवडून काढले, बायको म्हणाली लग्नाचे तांदूळ तरी कधी इतके निवडले होतेत का.

मॅक्रोवेडी | १८ जून, सकाळी ११:०३

प्रचि ६ फार सुंदर. कड्यावरची काळी रेघ बघा कशी आलीये. ७ मध्ये व्हाइट बॅलन्स घसरलाय, तांदळाचा पिवळा रंग काढायला गेलात आणि सोनं निळं झालं. खिडकीचा उजेड आणि घरातली ट्यूब एकत्र ठेवू नका. ८ मध्ये हिरा पेटलाय!

पण मला सगळ्यांत आवडला तो प्रचि ४, छापाचा. आमंत्रणात नका टाकू, पण जपून ठेवा.

कसोटी | १८ जून, दुपारी १२:३०

अगदी हेच लिहायला आलो होतो. लेझरचा छाप रोजच्या वापराने झिजतो. अंगठी मोठी-लहान करताना नेमकी त्याच जागी कापली जाते, पॉलिश करताना पुसटते. छापाचा स्वच्छ फोटो आणि बिल एकत्र ठेवलेलं असलं की पुढे कुणाशी वाद घालावा लागत नाही. आणि उद्या तपासणीत शुद्धता छापापेक्षा कमी निघाली तर नियमाने कमी भरलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. त्यासाठीही बिल लागतंच.

आजीची_वेढणी | १८ जून, दुपारी ३:१८

धागा जरा वळवते, रागावू नका. आजीची दोन वेढणी, एक बोरमाळ आणि बाबांची अंगठी आहे माझ्याकडे. कशावरच छाप नाही, फक्त बाबांच्या अंगठीवर त्रिकोण, ९१६ आणि अजून तीन-चार खुणा आहेत, पण सहा अक्षरं नाहीत. हे आता बेकायदा झालं का? शेजारीण म्हणते विकता येणार नाही.

कसोटी | १८ जून, दुपारी ४:४५

शेजारणीला सांगा, सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, घरातल्या डब्यावर नाही. जुनं बिनछापाचं सोनं तुम्ही ठेवूही शकता, सराफाला विकूही शकता. बाबांच्या अंगठीवरचा छाप एचयूआयडीच्या आधीचा आहे. त्यात केंद्राची खूण आणि सराफाची खूण असायची, आणखी जुन्यावर वर्षाचं अक्षरही, २००० साली ए. तो छाप आजही ग्राह्य आहे.

नक्की टंच हवा असेल तर मान्यताप्राप्त केंद्रात ग्राहक म्हणून जा. चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर प्रत्येक नगाला ४५. लेखी अहवाल देतात. केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर आहे. तुमचे बरोबर चार नग होतात.

फक्त बोरमाळेबद्दल आधी बोलून घ्या. पोकळ मण्यांत लाख भरलेली असेल तर वजन आणि सोनं यांचा मेळ बसणार नाही.

झणझणीत | १८ जून, संध्याकाळी ५:३०

माझ्या आजोबांच्या सराफाकडचं एक कडं आहे. त्यांच्याबरोबर तेही नेता येईल का? पाचवा नग झाला तर किती?

कसोटी | १८ जून, संध्याकाळी ५:३८

पाच नग, २२५. आणि जीएसटी.

आजीची_वेढणी | २६ जून, दुपारी १:०९

जाऊन आले. झणझणीत यांनी येतो म्हणून टांग दिली, त्यामुळे चारच नग.

बाबांची अंगठी ९१६ च्या वर. बोरमाळेत लाख निघाली, अहवाल फक्त सोन्याच्या भागाचा आहे. आजीच्या वेढण्यांतलं एक ९१ च्या आसपास आणि दुसरं ८६. आमच्या घरात दोन्ही "बावनकशी" म्हणूनच ओळखली जायची. आत्याला फोन केला तर म्हणाली, एकावर १९७२ च्या दुष्काळात सोनाराकडून दुरुस्ती झाली होती, डाग दिला होता, तेच असणार. कुठलं ते तिला आठवत नाही.

विकायची नव्हतीच. पण आता दोन वेगळ्या पुड्यांत ठेवलीत.

नौपाड्याचा_बोका | २६ जून, रात्री ९:५५

आजीबाई, फोटो काढून द्यायचे असतील तर सांगा. घरातच काढतो.

साखरपुडा मस्त झाला. अंगठी तिच्या बोटाच्या पेरात अडकली, मेंदी आणि दमट हवा, साबण लावावा लागला. अर्धा नंबर मोठी करायला टाकायची आहे. छाप कापला जाणार नाही अशा जागी जोड घ्या असं पेढीत सांगायचं ना?

कसोटी | २६ जून, रात्री १०:०१

हो. आणि टाकण्याआधी समोर वजन करून पावती घ्या, परत घेताना पुन्हा. घातलेलं सोनंही १८ च हवं.